पुरातून वाचलेले घरचे जुने फोटो क्लाउडवर ठेवून नातेवाइकांना लिंकने द्यायचे आहेत. नीट कसे करावे?

वाशिष्ठीकाठ

आमचे मूळ घर चिपळूणच्या बाजारपेठेलगत आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमचा तळमजला बुडाला आणि माजघरातल्या कपाटात ठेवलेले सहा अल्बम पाण्यात राहिले. त्यांतले ऐंशीच्या दशकातले दोन, म्हणजे चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले, जवळजवळ पूर्ण गेले. फोटो पानाला असे घट्ट बसले होते की सोडवताना रंगाचा थरच निघून आला. काळ्या जाड पानांवर कागदी कोपऱ्यांत बसवलेले त्याआधीचे कृष्णधवल फोटो मात्र आम्ही ओले असतानाच अलगद सोडवले, स्वच्छ पाण्यातून काढले आणि चित्राची बाजू वर ठेवून माळ्यावर सुती कापडावर वाळवले. त्यांतले बहुतेक वाचले.

गेल्या दिवाळीपासून भाऊ आणि मी ते स्कॅन करत आहोत. आजवर १,३८० झाले. हे फोटो आता एका कपाटात राहू नयेत, एवढे आम्हांला त्या पुराने पुरते शिकवले आहे. पण फोटोंइतकीच दुसरीही निकड आहे. फोटोंतल्या निम्म्या चेहऱ्यांची नावे आज फक्त आमच्या आत्याला सांगता येतात. तिचे वय ८४ आहे, ती रत्नागिरीला असते, तिच्याकडे साधा स्मार्टफोन आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपपलीकडे तिने काही वापरलेले नाही. चुलतभाऊ न्यू जर्सीत, भाची बंगळुरात. या सर्वांना सगळे फोटो पाहता यावेत, ज्यांना हवे त्यांना मूळ दर्जाचे उतरवून घेता यावेत आणि आत्याला ईमेल, पासवर्ड वगैरेच्या भानगडीत न पडता एका बोटाने उघडता यावेत, अशी इच्छा आहे.

गूगल फोटोजवर अल्बम करून त्याची लिंक द्यावी, की गूगल ड्राइव्हवर फोल्डर करून त्याची? लिंक कुणी पुढे पाठवली तर काय होते? आणि आज दिलेली लिंक दहा वर्षांनी उघडेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

काचपट्टी

मी अनेक वर्षे फोटो स्टुडिओत निगेटिव्ह आणि जुन्या प्रती स्कॅन करण्याचे काम केले आहे, म्हणून चढवण्याआधीचे थोडे लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केला की २४०० गुणिले ३६०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू मिळतात. तो टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात, रंगीत म्हणून जतन केला तर एक फाइल साधारण २६ एमबीची होते. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करावा, कारण त्याचा तपकिरी झाक आलेला कागद आणि पुराच्या पाण्याचे डाग हाही आता त्याचा इतिहास आहे. तुमच्या १,३८० फोटोंचे हे गणित ३६ जीबीच्या आसपास जाते. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून असते. म्हणजे मूळ टिफ फाइली मोफत जागेत मावणार नाहीत. त्याच फाइलींच्या चांगल्या दर्जाच्या, पण आकाराने लहान अशा जेपेग प्रती प्रत्येकी चार एमबी धरल्या तर साडेपाच जीबीत बसतात.

म्हणून दोन संच करावेत. टिफ संच हा तुमचा मूळ ठेवा. तो हार्ड डिस्कवर राहील आणि त्याला कुणी हात लावणार नाही. जेपेग संच वाटण्यासाठी. लिंक नेहमी वाटण्याच्या संचाची द्यावी, मूळ ठेव्याची कधीही देऊ नये.

फोटोच्या मागे शाईने काही लिहिलेले असेल तर मागची बाजूही स्कॅन करा आणि त्या फाइलीला पुढच्या बाजूचेच नाव देऊन शेवटी ‘मागे’ जोडा. स्टुडिओत येणाऱ्या दहांपैकी नऊ लोक हे करत नाहीत. तारीख, गाव, स्टुडिओचा शिक्का, सगळे त्या मागच्या बाजूलाच असते.

दूरदेशी

मी स्वतः अमेरिकेत असल्यामुळे तुमच्या चुलतभावाच्या बाजूने लिहितो. इकडे आमच्या घरात सगळ्यांकडे आयफोन आहेत, म्हणून आम्ही आधी अ‍ॅपलची आयक्लाउड सेवाच वापरून पाहिली. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. फोटो निवडून त्यांची आयक्लाउड लिंक पाठवली तर ती ३० दिवसांनी बंद होते. लग्नाचे फोटो पाठवायला ते पुरेसे आहे, पण कौटुंबिक संग्रहासाठी नाही. शेअर्ड अल्बम केला तर तो टिकतो, मात्र त्यात फोटोची लांब बाजू २०४८ बिंदूंवर आणली जाते. काचपट्टी यांच्या हिशेबातला ३६०० बिंदूंचा फोटो तिथे ठेवला तर समोरच्याला मूळ कधीच मिळणार नाही. पाहायला तो सुंदरच दिसतो, त्यामुळे काही गमावले आहे हे छपाईला देईपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही.

घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही असतील तर गूगल फोटोजचा अल्बम सोयीचा पडतो. लिंक उघडणाऱ्याला खाते लागत नाही. आत्याबाईंना ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की ब्राउझरमध्ये उघडेल.

गडवाटा

दहा वर्षांनी लिंक उघडेल का, या तुमच्या प्रश्नाशी मी बराच काळ झगडलो आहे, म्हणून लिहितो. मी २००८पासून सह्याद्रीतल्या भटकंतीची वर्णने लिहीत आलो आहे. लेख एका ठिकाणी, फोटो दुसऱ्याच एका मोफत सेवेवर, आणि लेखात फक्त त्या फोटोंच्या लिंका, अशी माझी पद्धत होती. ती सेवा एके दिवशी बंद झाली. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचे, नाणेघाटाच्या दगडी रांजणाचे, रतनगडाच्या नेढ्यातून घेतलेले फोटो जिथे होते तिथे आज रिकाम्या चौकटी आहेत. लेखात ‘वरील छायाचित्रात डावीकडे दिसते ती वाट’ असे वाक्य आहे आणि वर छायाचित्र नाही. काही फोटो माझ्याकडे मूळ स्वरूपात होते, ते मी पुन्हा चढवले. पण २०११चा संपूर्ण संच लॅपटॉप बदलताना मी मुद्दाम पुसला होता, कारण तो ‘वर आहेच’ असे मला वाटत होते.

लिंक असणे म्हणजे फोटो असणे नव्हे, हे मला त्या वेळी कुणी ठासून सांगायला हवे होते.

तळटीप

गडवाटा यांच्यावर जे ओढवले ते अनेकांवर ओढवले आहे आणि त्याचा ज्ञात इतिहास थोडक्यात देणे उपयोगी ठरेल. गूगलने पिकासा वेब अल्बम २०१६मध्ये बंद केले. फोटोबकेटने २०१७च्या मध्यात नियम बदलले आणि त्यांच्याकडे ठेवलेला फोटो दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले; त्यामुळे जगभरातल्या असंख्य पानांवरची छायाचित्रे एकाएकी दिसेनाशी झाली. फ्लिकरने २०१३मध्ये प्रत्येकाला एक टीबी जागा मोफत दिली होती आणि मालकी बदलल्यानंतर, २०१९पासून, मोफत खात्याला १,००० फोटोंची मर्यादा घातली. गूगल फोटोजवर २०१५पासून कमी केलेल्या दर्जाचे फोटो अमर्याद ठेवता येत असत. १ जून २०२१पासून चढवलेले फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले. फोटोबकेटचा बदल सोडला तर बाकीच्यांनी आगाऊ सूचना दिल्या होत्या. मात्र सूचना खातेधारकाला जाते. लिंक उघडणाऱ्याला ती कधीच पोहोचत नाही.

दुसरा मुद्दा लिंकेच्या प्रकारांचा. गूगल फोटोजची लिंक ही फोटोची नसून फोटो दाखवणाऱ्या पानाची असते. त्यामुळे ती निरोपात पाठवली तर चालते, पण लेखात छायाचित्र बसवण्याच्या जागी टाकली तर काहीच दिसत नाही. काही जण मग त्या पानावरच्या चित्रावर जाऊन चित्राचा थेट पत्ता काढतात आणि तो वापरतात. तो पत्ता कायम राहील असे कुणी कबूल केलेले नसते, आणि बहुतेक वेळा काही काळाने तो मरतोच. गड, लेणी, मंदिरे, सण अशी सार्वजनिक छायाचित्रे असतील आणि ती सर्वांना मुक्तपणे वापरू द्यायची तयारी असेल, तर विकिपीडियाशी संलग्न असलेल्या विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहावर चढवावीत. तो प्रकल्प २००४पासून चालू आहे आणि तिथल्या फाइलीचा पत्ता सहसा बदलत नाही. घरचे फोटो मात्र तिथे ठेवू नयेत, कारण एकदा मुक्त परवाना दिला की तो मागे घेता येत नाही.

अनामिका

लिंक कुणी पुढे पाठवली तर काय, या प्रश्नाकडे कुणी वळलेले दिसत नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे.

‘लिंक असलेल्या कोणालाही’ असा पर्याय निवडला म्हणजे ती लिंक ही घराची किल्ली झाली. ती शोधून सापडत नाही हे खरे. पण ज्याच्या हातात पडेल त्याला आत येता येते आणि तो कोण आहे हे आपल्याला कळत नाही. माझ्या धाकट्या दिरांच्या लग्नाचे फोटो मी एका फोल्डरमध्ये ठेवले आणि त्याची लिंक वऱ्हाडी मंडळींच्या गटात टाकली. त्याच फोल्डरमध्ये आत आणखी एक फोल्डर होते. विवाह नोंदणीसाठी दोघांची आधार कार्डे, शाळा सोडल्याचे दाखले आणि साक्षीदारांचे पत्ते मी तिथे ठेवले होते. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या प्रत्येक फाइलीला आपोआप लागू होते, हे मला माहीत नव्हते. तीन आठवडे ते सर्व उघडे होते. एका दूरच्या मामांनी फोन करून सांगितले तेव्हा मला कळले. त्यांनी पाहिले तसे आणखी किती जणांनी पाहिले असेल, हे मला आजही सांगता येत नाही आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

तेव्हापासून मी फक्त नावानिशी, प्रत्येकाच्या ईमेलला परवानगी देते. माझा आग्रह आहे की वाशिष्ठीकाठ यांनीही तेच करावे. शिवाय फोटोंत हयात माणसे असतील, त्यांची लहानपणची, आजारपणातली, कधी नको असलेल्या प्रसंगांची छायाचित्रे असतील. ती सर्वांसमोर ठेवण्याआधी त्यांना विचारायला हवे.

दूरदेशी

अनामिका, तुमचा अनुभव वाचून मी लगेच माझी सगळी फोल्डरे उघडून तपासली, त्याबद्दल आभार. तरीही प्रत्येकाच्या ईमेलचा आग्रह या बाबतीत मला योग्य वाटत नाही. ज्या आत्याबाईंसाठी हा सगळा खटाटोप आहे त्यांनाच तो बाहेर ठेवील. ८४ वर्षांच्या व्यक्तीला खाते उघडून द्यायचे, पासवर्ड विसरला की दुसऱ्या गावाहून कुणीतरी धावायचे, आणि या फेऱ्यात जो वेळ जाईल तो आपल्या हातात आहे का?

अनामिका

तुमचे म्हणणे मला पटते. मग मधला मार्ग असा सुचवते. सर्व फोटोंची एकच लिंक करू नये. आत्यांसाठी पन्नास-साठ फोटोंचा वेगळा अल्बम करावा, त्याची लिंक फक्त त्यांना द्यावी, नावे सांगून झाली की ती बंद करावी आणि पुढचा अल्बम द्यावा. लिंकने शेअर करणे बंद केले की जुनी लिंक निरुपयोगी होते. पूर्ण संग्रह मात्र नावानिशीच द्यावा. आणि आत्यांना आधी एक गोष्ट सांगून ठेवावी: फोटो पाहण्यासाठी कुठलेही अ‍ॅप उतरवून घ्यावे लागत नाही. फोटोंची लिंक किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी, नावाच्या शेवटी एपीके असलेली (म्हणजे अ‍ॅपचीच) फाइल फोनमध्ये बसवली की बँकेच्या खात्यापर्यंत भामट्यांचा हात पोहोचतो.

काचपट्टी

अनामिका यांची लहान अल्बमांची कल्पना दुसऱ्या कारणानेही चांगली आहे. वयस्कर माणसाला १,३८० फोटो एकदम दाखवले तर ते भराभर सरकवले जातात. साठ दाखवले तर एकेका चेहऱ्यावर बोट थांबते.

एक तांत्रिक सावधगिरी. स्कॅन केलेल्या फोटोला स्कॅन केल्याचीच तारीख चिकटते, त्यामुळे गूगल फोटोजमध्ये आजोबांची मुंज आणि गेल्या आठवड्यातले जेवण शेजारी बसते. तारीख तिथे बदलता येते, वर्णनही लिहिता येते. पण ते लिखाण मूळ फाइलीत उतरत नाही. पुढे गूगल टेकआउट या आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीतून सगळे परत घेतले तर ते जेसन नावाच्या वेगळ्या फाइलींत येते आणि सामान्य माणसाला त्याची जुळणी करणे जड जाते. म्हणून नावे आधी घरच्या संगणकावर डिजीकॅमसारख्या मोफत प्रणालीतून फाइलीच्या आतच लिहावीत आणि मग चढवावे. तसे केले तर फोटो कुठेही गेला तरी नाव त्याच्याबरोबर जाते. घाई असेल तर निदान फाइलीच्या नावात तरी वर्ष, गाव आणि व्यक्ती लिहा.

मोबाइलने काढलेल्या फोटोंत मात्र याच्या उलट काळजी घ्यावी लागते, कारण त्यांच्या आत काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. नातवंडांचे फोटो देताना शेअर करण्याच्या पर्यायांत जागा दाखवण्याचे बटण असते, ते बंद ठेवावे.

तळटीप

खातेधारकाच्या पश्चात काय, हेही आत्ताच ठरवून ठेवा. गूगलचे खाते दोन वर्षे कुणी वापरले नाही तर ते, त्यातल्या फोटोंसह, काढून टाकण्याचा नियम आहे आणि डिसेंबर २०२३पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ आहे. तीन ते अठरा महिने हालचाल नसेल तर कुणाला कळवायचे आणि काय सोपवायचे, हे त्यात लिहून ठेवता येते. दहा जणांची नावे देता येतात. याला पाच मिनिटे लागतात.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम तुमच्या घराला तंतोतंत लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. चिपळूणच्या बाबतीत ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे शेजारचे घर नव्हे. ज्या पुराने एक घर घेतले तो शेजारचेही घेतो.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

टिफचा संच दोन हार्ड डिस्कवर घेतला. एक पुण्यात भावाकडे, दुसरी रत्नागिरीला आत्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. जेपेगचा संच मूळ दर्जा निवडून गूगल फोटोजवर चढवला आणि पूर्ण संग्रह सात जणांना नावानिशी दिला. अनामिका यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक हयात व्यक्तीला विचारले. एका काकूंनी त्यांच्या पहिल्या लग्नाचे चार फोटो संग्रहात नकोत असे सांगितले. ते आम्ही काढले आणि मूळ प्रती त्यांच्याकडे पोहोचवल्या. अल्बमातून काढलेला फोटो खात्यात राहतोच, आणि खात्यातून पुसला तरी कचरापेटीत ६० दिवस असतो, हे त्या निमित्ताने कळले. तो तिथूनही पुसला. चुलतभावाला मात्र हेही सांगून ठेवले आहे की त्याला हवे ते फोटो त्याने स्वतःच्या खात्यात जतन करून घ्यावेत, कारण आमच्याकडून चुकून पुसले गेले तर त्याच्या पडद्यावरूनही ते जातील.

आत्याला साठ-साठ फोटोंचे अल्बम पाठवते. रोज दुपारी चारला मी फोन करते, ती लिंक उघडते, मी माझ्या संगणकावर तोच अल्बम उघडते आणि ती सांगते तसे मी लिहून घेते. आतापर्यंत ४१२ फोटोंना नावे मिळाली. फोटो दोन बोटांनी मोठा करता येतो हे तिला भाचीने शिकवले आणि त्यानंतर ती चेहऱ्यांबरोबर दागिने, भिंतीवरची कॅलेंडरे, ओसरीवरच्या पाट्याही वाचू लागली आहे. घरासमोर काढलेल्या, पन्नासच्या दशकातल्या म्हणून आम्ही धरलेल्या एका फोटोत मागच्या ओळीत एक उंच मुलगी उभी आहे. तिला आम्ही सगळे आजपर्यंत आजीची धाकटी बहीण समजत होतो. आत्याने ती मोठी केली आणि म्हणाली की ही बहीण नाही, ही आमच्याकडे शाळेसाठी राहिलेली गुहागरची मुलगी. तिचे नाव तिने चटकन सांगितले, आडनाव काही केल्या आठवेना. फाइलीत तेवढेच लिहून ठेवले आहे आणि आडनावाची जागा रिकामी सोडली आहे. परवा रात्री साडेनऊला आत्याचा आपणहून फोन आला होता, आडनाव नाही आठवले पण त्या मुलीच्या भावाचे दुकान कुठल्या गल्लीत होते ते आठवले, हे सांगायला.